रकाना चौथा

परिपत्रक आलं तेव्हा गणपती नुकतेच गेले होते.
आरशीशेजारी थर्माकोलचा एक खांब उरला होता,
त्याच्या आडोशाला माझं टेबल लागलं.
जाड वही. सुतळीने बांधलेलं पेन.
"शेवाळे, आजपासून तुम्ही इथे."

भूखंड, घरं, वाटप, निविदा,
यांपैकी कशासाठीही साहेबांना भेटायचं
तर आधी माझ्यासमोर बसायचं.
नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ,
चौथा रकाना : कोणाच्या वतीने.
मग विषय. मग सोबत आणलेली वस्तू
आणि तिची अंदाजे किंमत.
शेवटी माझी सही, म्हणजे सगळं खरं.

बेलापुरात इतकी वर्षं काढली,
पण माणूस एका रकान्यापाशी असा अडखळताना
पाहिला नव्हता.
खांडेपारकर येत. अत्तर आधी यायचं, मग ते.
तीन बिल्डरांची कामं त्यांच्या एका फोनमध्ये.
पेन हवेत धरून खिडकीबाहेर पारसिकच्या डोंगराकडे बघायचे
आणि लिहायचे, सुंदर अक्षरात : स्वतः.
विषय : सदिच्छा भेट.
वस्तू : निरंक.

पंधरा दिवसांत तेही यायचे बंद झाले.
परिपत्रकात 'कार्यालयीन आवारात' असे दोन शब्द होते.
आवाराला भिंत आहे, भिंतीला फाटक,
फाटकाबाहेर रस्ता ओलांडला की हॉटेल.
एक वाजता साहेब जेवायला जायचे,
चार वाजता परत यायचे बडीशेप चघळत.
त्या तीन तासांना माझ्याकडे रकाना नव्हता.

बामीबाय घरत आली ती अशाच एका दुपारी.
दिवाळ्याहून, उन्हातनं चालत.
"मना लिवता येत नाय, तूच लिव."
मी विचारलं, कोणाच्या वतीने?
"मंजे?"
म्हणजे कुणासाठी आलात.
ती बराच वेळ गप्प.
"मालकासाटी. त्यो गेला.
मग सासऱ्यासाटी लिव, जमीन त्याची व्हती.
त्योबी गेला. मिठागर पन गेला.
किती जागा हाय तुज्या वहीत?"

दीड इंच.
मी लिहिलं : मयत.

पिशवीत काय आहे?
सोडे. पाव किलो. वर्तमानपत्रात बांधलेले.
साहेबांची बायको खाते का माहीत नाही,
पण रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये.
किंमत विचारली तर ती अशी बघत राहिली
जशी मी तिच्या सुनेची किंमत विचारली.
नियम वाचून दाखवला. तिने मान डोलावली,
पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि बाकावर जाऊन बसली.
चार वाजले. साडेचार. साहेब आले ते थेट मीटिंगला.
तिची बाहेरची वेळ मीच टाकली : पाच दहा.

सोडे, पाव किलो, अंदाजे तीनशे रुपये. परत केले.
असं लिहिलं.

मार्चमध्ये कुणीतरी माहितीचा अर्ज टाकला :
वर्षभरात अधिकाऱ्यांसाठी किती भेटवस्तू आल्या?
मी रात्री साडेआठपर्यंत पानं उलटली.
नऊशे चौतीस भेटी.
त्यातल्या आठशेऐंशी 'स्वतः'.
भेटवस्तू : एक.
उत्तर गेलं, साहेबांच्या सहीने,
आणि कारभाराची तारीफ करणारं एक पत्रही आलं.

त्या पानाला अजून वास येतो.
बायको म्हणाली होती, वांग्यात छान लागतील.
छानच लागले होते.

काल ती पुन्हा आली.
फायलीबद्दल काही बोलली नाही. बसली,
पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली,
"सोडं कसं व्हतं रं?"

डोक्यावर नवा कॅमेरा बसवलाय, लाल ठिपक्याचा.
मी वही उघडली.
"कोणाच्या वतीने?" मी विचारलं,
मान खाली घालून.